बाशमोहंदिस मेधत आणि लाल डाग

"उतरवा तो फानूस!" बाशमोहंदिस मेधत गरजला. "त्याचा लाल उजेड माझ्या प्रोजेक्टरच्या झोताला धडकतोय. म्हणून पडद्यावर डाग पडलाय!"

कैरोत हातात स्क्रूड्रायव्हर दिसला की माणूस बाशमोहंदिस होतो, म्हणजे बडा इंजिनिअर. मेधतच्या हातात तर दोन होते!

गल्लीतल्या छोट्या निहालने नाक मुरडलं. रमजानसाठी तीन आठवडे खपून गाबिरकाकांनी गल्लीवर टांगायचा तो कंदील केला होता. इफ्तारनंतरच्या मॅचसाठी तो उतरवायचा? गाबिरकाका दोरी सोडू लागले होते.

"थांबा, काका! उजेड उजेडाला धडकतो?" निहाल म्हणाली. "म्हणजे काय, रिक्षा आहेत का त्या?"

"लहान तोंडी मोठा घास! तुला काय कळतं?"

"बघू या की! हातेम, टॉर्च!"

तिच्या मावसभावाने दोन टॉर्चना लाल-हिरवे कागद गुंडाळले. दोघांनी झोत एकमेकांना छेदून समोरच्या भिंतीवर सोडले. लाल ठिपका लालच, हिरवा हिरवाच!

"एकमेकांना ओळखही दाखवली नाही!" हातेम खिदळला.

"प्रचंड ताकदीचे झोत असतील, तर शास्त्रज्ञांना किंचित धक्का दिसतो," निहाल म्हणाली. "पण काकांचा बल्ब चाळीस वॅटचा आहे, बाशमोहंदिस!"

गल्ली फिसकन हसली. मेधतने खांदे उडवले. "हे पोरखेळ आहेत!"

"मग हा मोठ्यांचा घ्या!" निहालने अर्ध्यावर उतरलेल्या फानुसावर गोधडी टाकली. उजेड गेला. पडद्यावरचा लाल डाग जागच्या जागी!

आता सगळ्यांच्या माना प्रोजेक्टरकडे वळल्या. निहालने प्रोजेक्टरच्या भिंगाकडे निरखून पाहिलं, बोट फिरवलं, चाटलं.

"जास्वंदीचं सरबत! प्रोजेक्टरवर पेला कोणी ठेवला होता?"

मेधतने रिकामा पेला पाठीमागे लपवला. मिशीला मात्र लाल कड तशीच होती.

"शी! तपासायचा आळस, आणि दोष दुसऱ्याच्या मेहनतीला!" निहालने भिंग पुसलं. पडदा लख्ख झाला.

गल्लीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या, हज करून आलेल्या हाग्गा सनिय्या काठी टेकत पुढे आल्या. त्यांनी निहालच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास, पोरी! मोठमोठ्याने बोलण्यापेक्षा बघणं बरं." मग मेधतकडे वळल्या. "आणि तू, गाबिरची माफी माग."

मेधत काहीतरी पुटपुटला.

"उजेड पोचला, बाळा," हाग्गा म्हणाल्या. "आवाज नाही पोचला. पुन्हा!"