गुरुवारचं मौन

"कापी उरलीय, सिस्टर. आईसाठी आणली होती..."

प्राणेश पहिल्यांदा माझ्या टेबलाशी आला तो हे वाक्य घेऊनच. जवळच्या पापनाशम गावाहून बसने आलेला, शर्ट चुरगळलेला, हातात कॉफीचा फ्लास्क. त्याची आई वेंकूबाई आमच्या वॉर्डात होती. हृदयाचे ठोके चुकत होते म्हणून दाखल केलेली. मी तिथली नर्स, हरिता. राजवाड्यामागच्या गल्लीत घर, बाहेर सगळी तमिळ, पण घरात त्यांच्यासारखीच मराठी, त्यामुळे वेंकूमामींना मी हक्काचीच सापडले.

मग रोज दुपारी कापी उरू लागली. कापीचा टंबलर देताना माझ्या बोटांना बोट लागू नये म्हणून त्याची केवढी कसरत चालायची.

"रोज कशी हो उरते?"

"माप... चुकतं."

"शाळेत गणित शिकवता ना तुम्ही?"

त्याचे कान लाल व्हायचे. पण जाताना पुन्हा "येतो, सिस्टर"च. छातीवर नाव ढळढळीत लावलंय, ते दिसत नव्हतं का मेल्याला? आणि मी वेडी, संध्याकाळी घरी जाताना पापनाशमच्या बसच्या खिडक्या धुंडाळायची.

मामी मात्र मोकळ्या. "पोरी, लग्न कधी?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. गुरुवारी दुपारपर्यंत मौन धरायच्या, पण तेव्हाही गप्प कुठल्या बसतात! उजव्या हाताने हवेतल्या हवेत माझ्या गळ्यात मंगळसूत्र बांधून दाखवायच्या.

त्या गुरुवारी शाळेला सुट्टी होती, म्हणून प्राणेश सकाळीच आलेला. मी नाडी बघायला गेले तेव्हा तो पेल्यात पाणी ओतत होता.

"आज बोलायची नाही ती. मौन आहे."

मी हसले आणि मंगळसूत्राची वाट बघत उभी राहिले. हात उठला नाही.

"मामी, हसा बघू." ओठांची एकच बाजू हलली.

"दोन्ही हात वर धरा." डावा वर राहिला, उजवा पांघरुणावर पडला.

"नाव सांगा. मौन मोडलं तर देव रागवायचा नाही." घशातून नुसती घरघर आली.

प्राणेशने पेला तिच्या ओठाला लावला. मी तो हिसकावून घेतला, पाणी त्याच्या शर्टावर सांडलं.

"थेंबसुद्धा नको, श्वासनळीत जाईल. हा स्ट्रोक आहे. मेंदूचं रक्त अडलंय." तातडीची घंटा दाबली, स्ट्रोकच्या टीमला बोलावलं, बोटातून रक्त घेऊन साखर तपासली. "शेवटचं नीट कधी बोलल्या? औषध द्यायचं की नाही ते त्यावर ठरणार."

"इडली खाऊन मावशीशी... फोनवर. मग गप्प झाली. मला वाटलं—"

"फोनमधली वेळ दाखवा."

त्याने फोनमधली यादी उघडली, वेळ सापडली. अजून उशीर झाला नव्हता. स्कॅन झालं, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन गेलं.

बाहेर तो भिंतीला टेकून उभा होता. "शेजारीच बसलो होतो, सिस्टर. आणि मौन समजलो."

"मीही आधी तेच समजले." त्याचा हात हातात घ्यावासा वाटला. अंगावर युनिफॉर्म होता, राहिलं.

मामी वाचल्या. उजव्या हातात थोडी ताकद आली, शब्द मात्र येईनात. प्राणेश रोज यायचा, आईजवळ बसायचा, जायचा. फ्लास्क नसायचा. दुपारी मला चैन पडेना; वाटलं, कापीची तलफ आहे. छे, तलफ त्याची होती.

मामींना घरी सोडायच्या दिवशी तो पुन्हा फ्लास्क घेऊन आला. मी मामींच्या उशाशी होते.

"उद्यापासून... इकडे येणं नाही." त्याने टंबलर भरला. "घ्या, आईसाठी आणली होती. उरली."

एवढंच? इतक्या दिवसांनी, जाता जाता, एवढंच?

"मी..." मामींचा आवाज. आम्ही दोघंही वाकलो.

"मी... कापी... पीत... नाही."

स्ट्रोकनंतरचं त्यांचं पहिलं अख्खं वाक्य. प्राणेशचे कान असे लाल की विचारू नका.

"कधीपासून पीत नाहीत?" मी त्याला विचारलं.

"लहानपणापासून... म्हणजे, तिच्या." मग त्याने पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. "हरिता... उद्याही आणू का? उरलेली नाही. तुझ्यासाठी."

मी टंबलर घेतला. बोटं लागली, या वेळी कुणीच बाजूला घेतली नाहीत.

मामींचा उजवा हात पांघरुणावरून हळूहळू उठला, थरथरत माझ्या गळ्याकडे आला. हवेतली गाठ काही त्यांना जमेना. मी मान पुढे केली.