हयातीचा कोरा रकाना

मी आयुष्यभर लोकांना थापा मारल्या. बायकोला तर लग्नाच्या आधीपासून.

पण ही थाप न्हाई.

गेल्या मार्चातला गुरुवार. वडूज. भर दुपारी पावणेतीन.

एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या शिबिरात मी कॉम्प्युटरवर असतो. जुन्या पेशंटपैकी हयात कोण, त्यांची यादी काढायची होती.

कॉम्प्युटरातल्या यादीला प्रश्न विचारायची भाषा असते, एसक्यूएल. तिच्यात अट घातली. 'हयात' रकान्यात 'होय' असेल तेवढीच नावं दे.

आली एकशे ऐंशी.

'नाही'ची अट घातली. आली एकतीस.

"एकूण दोनशे बारा हायत," शेजारची माया म्हणाली. "एक माणूस कुठं गेला?"

"चहा प्यायला."

"गप बसा ओ, दादा."

रकाना कोरा असला की माणूस 'होय'मध्ये येत न्हाई, 'नाही'मध्येबी न्हाई. कोऱ्याची अट वेगळी घालावी लागते. नवखी पोरं हितंच चुकतात. वीस वर्षं काढून मीबी चुकलो.

कोऱ्याची अट घातली.

एकच नाव आलं...

हरणाबाई.

मी हसलोच. बाहेरच्या बाकावर सकाळपासून काठी घेऊन बसलेली म्हातारी हीच. नाव सांगून सारखी विचारायची, "लेका, माजं नाव आलं का रं?"

रकान्यात 'होय' भरलं. सेव्ह केलं. यादी काढली.

एकशे ऐंशीच.

रकाना... परत कोरा.

तीनदा भरलं. तीनदा कोरा.

मायानं हरणाबाईच्या घरी फोन लावला. पोरगा बोलला, सिद्धू.

"आई सांगलीला दवाखान्यात हाय. चार दिस झालं, मशिनीवर. डॉक्टर व्हय म्हणंना, न्हाई म्हणंना."

मायानं दाराबाहेर बघितलं.

"दादा... बाकावर कोण न्हाई."

मला तर दिसत होती.

"लेका... आलं का रं नाव?"

मी खुर्ची मागं सरकवली. पण तोंडाला सवय थापेची.

"आलं की आजी! पयल्या नंबरावर. जावा आता घरी."

म्हातारी हसली. उठली. मग बाकावरच्या रिकाम्या जागेकडं बोट केलं.

"आन हिचं? ही माज्या आदीपासनं बसलीया."

काठीची टकटक जिना उतरून गेली...

मी यादी काढली. एकशे एक्याऐंशी.

साडेतीनला सिद्धूचा फोन. रडत होता. "दादा, आईनं डोळं उघडलं!"

बेरीज जुळली. माया म्हणाली, "आता बंद करा."

मी उगाच कोऱ्याची अट परत घातली.

एक ओळ आली...

नावसुद्धा कोरं.

त्या दिवसापासून ती अट मी घालत न्हाई. माया घालते. एकबी ओळ येत न्हाई, म्हणते.

पण म्हणताना माझ्याकडं बघत न्हाई.