कार्ड्यूची हजेरी

थॉर्नवेलच्या आमच्या शाळेचे माजी विद्यार्थी दर ऑक्टोबरात चर्चमध्ये जमतात. चारशे वर्षांची रीत आहे. आधी हजेरी होते, मग आमचा अध्यक्ष गावातल्या म्हाताऱ्यांना पाव वाटतो. हजेरीची यादी मी लिहितो. एकतीस वर्षं, हार्डवेअरचं दुकान बंद ठेवून आणि बायकोची बोलणी खाऊन.

आणि यंदा अध्यक्ष कोण झाला? लायनेल कार्ड्यू. चाळीस वर्षं लंडनात काढलेला, गावात परतून वर्षही न झालेला. माझा जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू?

"अर्नेस्ट, तू आहेस म्हणून सगळं चालतं रे," तो खांद्यावर हात ठेवून म्हणाला. शाळेतही असंच बोलायचा, आणि बक्षीस स्वतः घेऊन जायचा.

यादीचे दोन भाग असतात. जिवंत माणसं आपापल्या नावाला "हजर" म्हणतात. मग वर्षभरात वारलेल्यांची नावं, तेव्हा सगळे गप्प उभे राहतात. मी कार्ड्यूचं नाव दुसऱ्या भागात लिहिलं. चारचौघांत त्याची फजिती व्हावी, एवढंच मनात होतं. चुकून झालं म्हणून नंतर माफी मागणार होतो.

पाद्रीबाबांनी नाव वाचलं. कुणी हसलं नाही. सगळे उठले. पहिल्या बाकावरचा कार्ड्यूही उठला, मान खाली घालून.

"अहो, तो काय, समोर आहे," मी म्हणालो.

शेजारच्या हॅरॉपने माझं मनगट दाबलं. "सावर स्वतःला. आम्हालाही वाईट वाटतंय."

बाहेर पाद्रीबाबा म्हणाले, "बिचारा कार्ड्यू. अर्नेस्ट, यंदा पाव तूच वाट."

कार्ड्यू त्यांच्या कोपराला लागून उभा होता.

मी पाव वाटले. इतकी वर्षं ज्यासाठी जीव टाकला, ते मिळालं. म्हाताऱ्या माझा हात धरून रडल्या, तेही त्याच्यासाठी.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तो दारात.

"घरी मला कुणी दार उघडत नाही," तो म्हणाला. "तू तरी बघतोस."

आता रोज येतो. माझ्या खुर्चीत बसतो. मार्जरीला, माझ्या बायकोला, तो दिसत नाही.

आमचा टॉबी कुत्रा अकरा वर्षांत कधी माझ्या पायाशी बसला नाही. हल्ली चार वाजले की त्या खुर्चीपुढे जाऊन झोपतो.

"अर्नेस्ट," काल मार्जरी हळूच म्हणाली, "झोपेत टॉबीची हनुवटी जमिनीपासून चार बोटं वर कशी राहते?"