उलट्या पिळाची तार

हँगरच्या जमिनीवर आम्ही खडूने विमानाची आकृती काढली होती आणि सापडेल तो तुकडा तिच्यात त्याच्या जागी ठेवत होतो. पंखांचे पत्रे, नळ्या, सीटांच्या रांगा. सीट चौऱ्याहत्तर, त्या दिवशी प्रवासी एकाहत्तर होते, वाचलं कोणी नाही. तपासाचं हे काम संथ, पण मला आवडायचं. सकाळी उंच खिडक्यांतून ऊन यायचं, एक वाजता कुलूप लावून आम्ही सगळे जेवायला जायचो. किल्ली माझ्या खिशात.

प्रश्न एकच उरला होता. विमानाचं नाक वर-खाली करणारी शेपटीची पाती एका बोल्टवर फिरते. बोल्ट बसवला की त्याचा नट सैल होऊ नये म्हणून तो तारेने पिळून बांधतात. आमच्या पहिल्या दिवशीच्या फोटोत त्या बोल्टचं भोक रिकामं होतं. बोल्ट आदळताना तुटला, की तार नसल्यामुळे हवेतच निसटला? तो शेवटचा बसवला होता उस्तादांनी, विमान कंपनीच्या जुन्या मेकॅनिकनी. आता ते निवृत्त. तुकडे ओळखायला रोज सकाळी स्वतःहून येत.

“काय डॉक्टर, पेशंट उठला का?” असं विचारतच ते आत शिरायचे. शेपटीपाशी मात्र वाकून त्या रिकाम्या भोकाकडे बघायचे.

“सही माझी आहे,” एकदा म्हणाले. “तार बांधल्याचं काही केल्या आठवत नाही. तेवढं कळलं की मी सुटलो. काहीही कळो.”

मंगळवारी जेवून आलो, तर पंखातल्या तुटक्या नळीच्या जोडाला तार बांधलेली. नवी, चकचकीत, पीळ उलटा. उस्ताद डाव्या हाताने काम करायचे, असा पीळ त्यांचाच. पण ते अकरालाच घरी गेले होते. मी सहकाऱ्यांना झापलं.

“पुराव्याला हात लावायचा नसतो, हे पण मी शिकवू?”

“साहेब, तुमच्या समोर तर जेवत होतो. तुमचं लोणचंही आम्हीच संपवलं.”

ते खरं होतं. बुधवारी तीन जोड बांधलेले सापडले. गुरुवारी अकरा.

शुक्रवारी एक वाजता मी स्वतः कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि थेट उस्तादांच्या घरी गेलो. ते खुर्चीत गाढ झोपले होते. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं.

“मंगळवारपासून हे असं चाललंय, बघा. चाळीस वर्षं तार पिळली, आता झोपेतही सुट्टी नाही.”

मांडीवर त्यांची डाव्या हाताची बोटं चालली होती, बारीक, सफाईने. काकू हसल्या. मीही हसलो. मग त्यांच्या नखांतलं ताजं काळं ग्रीस दिसलं.

परत आलो. कुलूप जसंच्या तसं. शेपटीच्या भोकात बोल्ट होता. तारेने बांधलेला.

पहिल्या दिवशीचा तो फोटो नसता, तर उस्ताद निर्दोष ठरले असते.

शनिवारी सकाळी मी त्यांना बोल्ट दाखवला, शेजारी फोटो धरला. त्यांनी तारेवरून बोट फिरवलं.

“पीळ माझाच. छान बसलाय.” मग फोटोकडे पाहिलं. “पण ही तार आताची आहे, साहेब. त्या दिवशी जेवणाचा भोंगा झाला आणि तार खिशातच राहिली. आल्यावर नुसती सही केली. आत्ता हात लावल्यावर आठवलं.”

“उस्ताद, नीट विचार करा. मला हे लिहावं लागेल.”

“लिहाच. फोटोत आहे तसं.” चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. “झालं एकदाचं काम. आज दुपारी शांत झोपेन.”

जबाबावर त्यांनी झोकात सही केली. मलाही हलकं वाटलं. कितीतरी दिवसांनी दोघं गप्पा मारत दाराकडे निघालो.

वाटेत सीटांच्या रांगा होत्या. कालपर्यंत सगळे पट्टे मोकळे लोंबत होते.

आता काही लावलेले होते. मी मोजले. एकाहत्तर.

ते सीटवर सपाट पडले नव्हते. वर उचललेले होते, ताणलेले, पोटाभोवती असतात तसे.