बिनखटक्याचे दार

ही हकीकत घडलेली आहे. ज्याला शंका घ्यायची असेल त्याने खुशाल घ्यावी. परंतु ती अंधारात घडली नाही. रविवारी, दुपारी सव्वाचारच्या उन्हात, घराच्या अंगणात, दोन शुद्धीवरच्या माणसांच्या देखत घडली.

घड्याळजी लोकांची घड्याळे सकाळी घेत आणि संध्याकाळी चालती करून देत. स्वतःच्या गाडीच्या दाराचा बिघडलेला खटका मात्र त्यांनी वर्षभर पुढच्या रविवारावर ढकलला होता. वळण आले की शेजारचे दार उघडे. म्हणून शेजारी बसलेली बायको दाराचा आतला पट्टा दोन्ही हातांनी ओढून धरी. तिची मनगटे सुजत.

"तुमचा तो रविवार मी गेल्यावरच उगवायचा," ती हसून म्हणे.

ती तापाने गेली.

तीन महिन्यांनी रविवार उगवला.

मेहुणा गॅरेजवाला; तो नवा खटका घेऊन आला. दाराच्या कडेचे तीन स्क्रू काढून त्याने जुना खटका बाहेर ओढला... आणि उलटसुलट करून पाहिला.

"भाऊजी, स्प्रिंगचे दोन तुकडे झालेत. तुटल्या जागी गंजसुद्धा चढलाय. तीन महिने हे दार लागलं कशावर?"

"लागत होतं. वळणावर एकदाही उघडलं नाही."

"अहो, आकडाच धरत नाही तर लागेल कसं? घड्याळात असली थाप खपवून घेतली असती का तुम्ही?"

तेवढ्यात वाऱ्याने दार लोटले गेले.

मेहुण्याने ते ओढले.

उघडेना.

खटक्याच्या जागी नुसते भोक... आणि दार उघडेना. त्याने पाय रोवून ओढले. तरी नाही.

घड्याळजींनी काचेतून पाहिले. आत कोणी नव्हते.

पट्टा मात्र ताठ होता... रिकाम्या आसनाकडे ताणलेला.

"भाऊजी..." मेहुण्याने दारावरचा हात काढला. "परवा मी मागे बसलो होतो ना... वळण आलं की तुम्ही अजून 'धर गं' म्हणता."

घड्याळजींना हे ठाऊकच नव्हते.

तीन महिने. प्रत्येक वळणावर. आणि ती धरून होती.

त्यांनी काचेला तोंड लावले. काय बोलले ते मेहुण्याला ऐकू आले नाही. बऱ्याच वेळाने पट्टा सैल पडला... आणि दार अलगद उघडले.

नवा खटका बसला. मेहुणा पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला.

"ताई सुटली, भाऊजी."

"हो," ते म्हणाले.

ती केवळ नवऱ्याच्या शब्दाखातर थांबली होती, असे मेहुणा आजही मानतो. एरवी शब्दाशब्दावर वाद घालणारे घड्याळजी यावर वाद घालत नाहीत. पण 'सोड' हा शब्दही त्यांचाच होता. काचेशी पहिल्यांदा तो उच्चारला तेव्हा पट्टा अधिकच ताणला गेला.

दुसऱ्यांदाही...

तिसऱ्यांदा त्यांनी दरडावले.