दिव्यावर हात

शलाकाबाईंना ओरडता येत नव्हतं, हीच अनुसयाबाई खोतांची तक्रार. समोर चार पोरं, आणि बाईचा आवाज पाळण्यातल्या बाळाला उठवायचं नसल्यासारखा. "अशानं पोरं डोक्यावर मिऱ्या वाटतील," असं त्या वर्गाच्या काचेबाहेरच्या बाकावरून दर मंगळवारी साऱ्या आयांना ऐकू जाईल असं म्हणत.

शलाकाबाई पोरांना बोलायला शिकवत त्या इचलकरंजीच्या वाचोपचार केंद्रात प्रत्येक पोराच्या मनगटावर चाहूलपट्टी असे. नाडी आणि घाम ओळखून ती आधीच सांगे, पोर बिथरणार. मग टेबलावरचा त्या पोराचा दिवा पिवळा होई, नंतर लाल. लाल झाला की उचलून गाद्यांच्या खोलीत न्यायचं, असा नियम. अनुसयाबाईंना यंत्र पसंत होतं. ते निदान कुणाची भीड ठेवत नव्हतं.

त्यांची नात तनिष्का सहा वर्षांची, अजून एक शब्द न बोललेली. वाट पाहवली नाही की चावायची. गटातल्या अयानला दोनदा चावली होती. तिसऱ्यांदा कुणाला चावली तर गटातून नाव कमी, असं केंद्रानं कळवलं होतं.

आज चेंडू फिरत होता. "माझा डाव" म्हणायचं आणि टोपलीत टाकायचा. चेंडू अयानकडे अडला. तनिष्काचा दिवा पिवळा झाला, लगेच लाल.

"अगं उचल की तिला!" अनुसयाबाईंनी काच ठोकली.

शलाकानं उचललं नाही. एका हातानं दिवा झाकला, दुसरा तनिष्काचं तोंड आणि अयानचा दंड यांच्यामध्ये धरला. आणि गप्प बसली. तनिष्काचे दात तिच्या मनगटावर टेकले. ओठ थरथरले.

"मा... डाव."

"घे गं बाई!" अयाननं चेंडू देऊन टाकला.

तास सुटल्यावर अनुसयाबाईंनी डोळे पुसले नि शलाकाचा हात ओढून उजेडात धरला. मनगटावर दातांच्या जुन्या खुणा. सात-आठ तरी. प्रत्येकीत मधे एका दाताची फट. तनिष्काचा पुढचा दात पडून महिना झाला होता.

"हे कुणाला सांगितलं नाहीस?"

"मला चावली, आजी. पोरांना नाही."

"आणि लाल दिवा?"

"राग आला तरी छाती धडधडते, पहिल्यांदा बोलायचं म्हटलं तरी धडधडते. पट्टीला दोन्ही सारखंच."

"तुला बरं कळलं, आज बोलणार ते?"

"नव्हतं कळलं. म्हणून तर दुसरा हात मधे धरला."

अनुसयाबाई बाकावरच्या आयांकडे वळून नाही, तिच्याकडेच बघून म्हणाल्या, "ओरडता येत नाही तुला, हे मी आजही म्हणणार. पण पोरी, उद्या तू नसलीस नि नुसता दिवाच उरला, तर त्याच्यावर हात कोण ठेवणार गं?"