एकतर्फी हितसंबंध

प्रेमाला कुणाची परवानगी लागत नाही, हे त्रिवार सत्य आहे. फॉर्म मात्र लागतो. निदान वॉशिंग्टन शहरात, आणि त्यातून तुम्ही शाळांच्या कमिटीवर असाल तर लागतोच.

रेना आर्गेताला हे नोव्हेंबरात माहीत नव्हतं. त्या शनिवारी ती लष्कराच्या बंद पडलेल्या इस्पितळात मोजपट्टी घेऊन उभी होती. बाहेर पाऊस, आत ओल, भिंतींना जुन्या औषधांचा वास. पट्टीचं टोक दाराच्या चौकटीत अडकवून ती वॉर्डाच्या दुसऱ्या भिंतीपर्यंत गेली आणि वळली, तर टोक चालत तिच्याकडेच येत होतं. टोकाला एक उंच, सावळा, चष्मेवाला माणूस होता.

"हे तुमचं का?"

"माझंच. आणि जिथे होतं तिथेच बरं होतं."

"मला वाटलं, कुणाचं तरी पडलंय..."

"पडलेली वस्तू चौकटीत अडकलेली असते का हो?"

तो थॅडिअस गेदर. घराणं चार पिढ्या वॉशिंग्टनचं. तैवानमधल्या तैचुंगमध्ये सहा वर्षं राहून आलेला आणि आता चिनी माध्यमाच्या शाळेत शिकवणारा. रेना स्पॅनिश माध्यमाच्या शाळेत प्रवेशाचं काम बघायची. तिसरी शाळा फ्रेंच. तिन्ही शाळा सरकारी पैशावर, पण आपापल्या कारभारानं चालणाऱ्या, आणि तिन्ही पाचवीला संपणाऱ्या. पुढे मुलं गावभर पांगायची. दोन वर्षांपूर्वी शाळा सोडलेली पोरं बाजारात भेटली, तर रेनाला स्पॅनिशमध्ये नमस्कार म्हणून "ओला!" म्हणायची आणि पुढचं सगळं इंग्रजीत. म्हणून तिन्ही शाळांनी मिळून या इस्पितळात सहावीपासूनची एक शाळा काढायची ठरवली होती. कमिटी तिघांची, प्रत्येक शाळेचा एक; तीन भाषा जगवायच्या म्हणून बैठका अर्थातच इंग्रजीत.

खोल्या मोजायचं काम दोघांवर आलं, कारण फ्रेंच शाळेच्या मुख्याध्यापिका मादाम लॅक्रॉय यांना धुळीचं वावडं होतं. दर शनिवारी रेना घरून पुपुसा, म्हणजे मक्याच्या सारण भरलेल्या भाकऱ्या आणायची, सोबत कोबीचं आंबट लोणचं. तो कोपऱ्यावरच्या दुकानातून चिकनचे पंख आणायचा, लालभडक गोड सॉसमध्ये बुडवलेले.

"मिस्टर गेदर, हा सॉस आहे की रंग?"

"या सॉसबद्दल वाईट बोलणाऱ्यांना माझी मावशी घरात घेत नाही."

"मला कोण तुमच्या मावशीच्या घरी नेतंय?"

तो पट्टीवरचे आकडे वाचत राहिला... तेच आकडे, दोनदा.

जानेवारीत तुम्हीचं तू झालं, मिस्टर गेदरचा थॅड झाला. एकदा तिच्या कपाळावरचा चुना त्यानं अंगठ्यानं पुसला आणि मग अंगठ्याचं काय करावं हे न कळून खिशात घातला. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी दिवे गेले, तेव्हा जिन्यावर त्यानं तिचा हात धरला. चौदा पायऱ्या. दिवे सातव्या पायरीलाच आले होते...

पुढच्या मंगळवारी नव्या शाळेच्या जागावाटपावर मतदान होतं. जागा एकशेवीस. स्पॅनिश शाळेची मुलं साठ, बाकी दोन्ही शाळांची तीस-तीस. मादाम लॅक्रॉय यांचं म्हणणं, प्रत्येक शाळेला समान चाळीस. रिकाम्या राहतील त्या 'भविष्यासाठी'. म्हणजे रेनाची वीस मुलं बाहेर, तीही चिठ्ठ्या टाकून. रेनाचं म्हणणं, मुलं मोजा आणि जागा द्या. थॅडलाही ते न्यायाचं वाटत होतं.

मतदानाआधी नेहमीचा फॉर्म आला. 'कमिटीतील अन्य सदस्याशी व्यक्तिगत नाते आहे काय?' असल्यास दोघांचंही मत बाद. मग उरणार एकट्या मादाम.

रेनानं पेन उचललं. साठ नावं तिला हजेरीसकट पाठ होती. तिनं लिहिलं — 'नाही.' तो फॉर्म कोण मन लावून भरतं!

थॅड भरायचा.

सभा कायद्यानं खुली, त्यामुळे फॉर्म पन्नास पालकांसमोर वाचले गेले. कमिटीच्या वकीलबाईंनी घसा साफ केला. "श्री. गेदर लिहितात: 'होय. मिस आर्गेता यांच्यावर माझं प्रेम आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही, पण अंदाज असावा.'" मागे कुणीतरी शिट्टी मारली. "मिस आर्गेता, आपण 'नाही' लिहिलंय. ते बरोबर आहे?"

थॅड तिच्याकडे बघत होता. चष्म्यावर अजून पावसाचे थेंब होते.

"बरोबर आहे," रेना म्हणाली.

वकीलबाईंनी नियम चाळले. "नात्याला दोन माणसं लागतात. एकतर्फी प्रेम हा हितसंबंध होत नाही. दोघंही मत देऊ शकतात."

थॅडनं मुलं मोजून जागा देण्याच्या बाजूनं हात वर केला. ठराव दोन विरुद्ध एक मतानं मंजूर. पालकांनी रेनाला मिठ्या मारल्या. एका आईनं तर रडून तिचा खांदा भिजवला.

बाहेर बस थांब्यावर तो उभा होता. पाऊस तसाच.

"रेना, जिन्यावर..."

"दिवे गेले होते, थॅड."

"सातव्या पायरीला आले होते. मी मोजलं. मला खरं सांग. फक्त एवढं लक्षात ठेव, तू वेगळं काही सांगितलंस तर मला ते उद्या कमिटीला कळवावं लागेल. मला नाही जमत गप्प राहायला."

हे त्यानं धमकी म्हणून नाही, स्वतःचं दुखणं सांगावं तसं सांगितलं. त्याच्या याच भाबडेपणावर तर तिचा जीव जडला होता. तिनं तोंड उघडलं... समोरून एक आई मुलाला छत्रीखाली घेऊन जात होती. मुलगा स्पॅनिशमध्ये भांडत होता, अगदी झकास.

"फॉर्मवर लिहिलंय तेच," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. पिशवीतून मोजपट्टी काढून तिच्या हातात दिली. "ही तुझी. चौकटीतलीच." बस आली. ती त्याची नव्हती, तरी तो चढला.

जूनमध्ये तो तैचुंगला परत गेला. त्याच्या जागी नवी शिक्षिका आली. तिला पंख आवडत नाहीत.

ऑगस्टमध्ये शाळा उघडली. स्पॅनिश शाळेच्या साठ मुलांपैकी वीस जणांनी उन्हाळ्यात दुसरीकडे नावं घातली होती. पहिल्या दिवशी रेनानं हजेरी घेतली. मादाम देणार होत्या तेवढेच, चाळीस आले होते.